दोन अंगठ्यांचे हातमोजे

योर्गिने आत्याचं घर फ्योर्डच्या अगदी टोकाला.
घर म्हणजे फळ्या ठोकून उभं केलेलं काहीतरी.
जर्मन जाताना सगळा फिनमार्क जाळून गेले,
आमचं गावही, चर्चसकट.
उरली थडगी,
आणि कॉड वाळवायच्या मांडवाचे चार काळे वासे.

तिचा आन्सगार त्याच्या आधीच गेला होता.
डोंगरातल्या रेडिओची खबर कुणी दिली
ते गावाला ठाऊक होतं.
खबर देणारा अठ्ठेचाळीसच्या मार्चमध्ये तुरुंगातून सुटून आला,
आमच्याच शेजारी.
हाल्वदान.
बारीक झालेला, कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली.
दुकानात त्याला सगळ्यांच्या शेवटी माल मिळे,
बोटीवर कुणी घेत नसे,
म्हणून तो एकटाच वल्ही मारत जाई
उघड्या हातांनी.

आत्याने ते खिडकीतून पाहिलं.
काही बोलली नाही. चुलीत पीट टाकलं,
आणि लोकरीचा गुंडा काढला.

आमच्याकडे कोळ्याचे हातमोजे भलेमोठे विणतात,
मग समुद्राच्या पाण्यात घालून, चेचून चेचून
हाताएवढे करतात.
त्यांना अंगठे असतात दोन,
एक या बाजूला, एक त्या बाजूला.
दोरीने एक तळवा झिजला
की मोजा फिरवायचा, दुसरी बाजू पुढे करायची.

माप कुणाचं घेतलंस, मी विचारलं.
मी नऊ वर्षांची, मला सगळं विचारायचं असे.
‘एकच माप येतं मला,’ ती म्हणाली.
सुया थांबल्या नाहीत.
मला ते कळलं नाही.
कळलं तेव्हा मी चाळिशीची होते,
ओस्लोत, एका परक्या स्टेशनवर उभी.

मोजे द्यायला मला पाठवलं. सोबत दुधाची बरणी.
मी वाटेत थांबले, दूध बर्फात ओतून टाकलं,
आणि मोजे दगडाखाली लपवून परत आले.
आत्याने माझ्या बुटांकडे पाहिलं.
ओरडली नाही. शाल घेतली
आणि दगडापर्यंत स्वतः गेली, मला बोटाला धरून.

‘तुला तो आवडतो?’ मी रडत विचारलं.
‘नाही.’
‘मग?’
ती चालत राहिली. वारा तोंडावर होता.
‘प्रीती येईल तेव्हा येईल,
त्याचे हात आत्ता फुटताहेत.’

दार त्याने उघडलं. तिने मोजे पुढे केले.
त्याने ते घेतले, उलटून पाहिले,
दोन्ही अंगठे चाचपले,
आणि काही म्हणाला नाही.
क्षमा वगैरे कुणीच मागितली नाही.
आम्ही परत आलो.
रात्री आत्या बराच वेळ
भिंतीकडे तोंड करून जागी होती,
श्वासावरून कळत होतं.
सकाळी तिने दुसरी जोडी सुरू केली.

बोलणं कधीच नाही झालं दोघांचं.
दरवर्षी हिवाळ्याआधी एक जोडी,
त्याच्याकडून कधी दारात चार मासे, साफ केलेले,
कागदात गुंडाळून.
गावातल्या बायका तिला प्रार्थनेच्या वेळी
आपल्या बाकावर जागा देईनात.
तिथे बाकावर बसून पाद्रीबाबा
वैऱ्यांबद्दलचा तो उतारा वाचत असताना
ती मान खाली घालून
आपल्या बोटांवरचे सुयांचे घट्टे मोजायची.

तिला पुरलं तेव्हा जमीन अर्धी गोठलेली.
हाल्वदान फाटकाबाहेर उभा होता.
आत या, कुणीही म्हणालं नाही. मीही नाही.
शेवटी खोदणारे दमले,
तो आला, फावडं उचललं,
कुणी हिसकावून घेतलं नाही.
मी त्याच्या हातांकडेच पाहत होते.
मोजे एका बाजूने पार विरलेले,
फिरवून घातलेले.
दुसरा अंगठा
अजून धड होता.

माझ्याकडे तिच्या सुया आहेत,
आणि एक माणूस, ज्याचं नाव मी इथे लिहिणार नाही.
त्याच्या हाताचं माप मला माहीत नाही.
लोकर मागच्याच महिन्यात आणली आहे.
पिशवी अजून
दारामागे टांगलेली आहे.